अठराचा पाढा

धायरी, पुणे
४ मे २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार वि. वि. (बघ, लिहिलं. मागच्या वेळी एवढ्यावरून अर्धा गुण कापला होतास.)

तुझं पत्र फेब्रुवारीत आलं आणि उत्तर मेमध्ये चाललंय, तेव्हा आधी शिव्या घाल आणि मग पुढे वाच. उत्तर मी मार्चमध्येच लिहिलं होतं गं. पाकिटात घातलं, तिकीट लावलं, आणि परवा ते फ्रिजवर सापडलं, वाळलेल्या कोथिंबिरीच्या जुडीखाली. लोकांच्या आत्या सकाळी फोनवर फुलांची चित्रं पाठवतात. माझी आत्या यवतमाळला बसून भाचीची पत्रं लाल शाईने तपासते आणि दहापैकी गुण देऊन परत पाठवते. चौथीत होते तेव्हा ठीक होतं. आता सदतीस पूर्ण झाली, तरी पाकीट फोडलं की आधी गुण शोधते. आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद आहे आणि चेअरमननी नोटीस लावलीय, ‘लिफ्ट बंद आहे हे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही नोटीस नाही.’ पुण्याला मानलं पाहिजे.

मुद्द्यावर येते. (समासात ‘कधी?’ असं लिहिणार तू, माहितेय मला.) ऑफिसने लेखी कळवलंय. दिवाळीपर्यंत काम सुधारलं तर ठीक, नाहीतर नमस्कार. दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं माझं काम. चुका मला सापडतात, नोंदवायच्या राहून जातात. एकीचा माग काढत गेले की दुसरी दिसते, तिच्या मागे तिसरी, आणि संध्याकाळी हातात काही नाही. माझ्या शेजारी अर्शिया बसते, कॅम्पातली. तिच्या भाच्याला एडीएचडी आहे, लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार. ती म्हणाली, बाई गं, तू म्हणजे त्याचीच मोठी आवृत्ती, डॉक्टरकडे जा.

गेले. बाणेरला आहे. दवाखाना म्हणायचं नाही, तिथे ‘सेंटर’ म्हणतात. भिंतीवरून पाणी वाहतं, खाली गुळगुळीत गोटे मांडलेत. मला लक्ष टिकवता येत नाही म्हणून गेले आणि ते पाणीच बघत बसले, रिसेप्शनची मुलगी नाव पुकारून दमली. डॉक्टर माझ्याहून लहान, पायात चकचकीत बूट आणि मोजे नाहीत. सेंटरचा नियम असा की घरचं माणूस सोबत हवंच, कारण पेशंटला स्वतःबद्दल नीट सांगता येत नाही म्हणे. म्हणून आमचा नवरोबा, यज्ञेश, आला. डॉक्टरांनी मला विचारलं, ‘झोप कशी आहे?’ आणि उत्तरासाठी यज्ञेशकडे बघितलं. यज्ञेशने दिलंही. माझ्या झोपेबद्दल त्याला सगळं ठाऊक, स्वतः घोरत असतो तरी.

तर एडीएचडीच निघालं. अठरा मिलिग्रॅमची गोळी सुरू झालीय. हळूहळू वाढवत नेतात आणि माणूस जिथे ठिकाणावर येतो तिथे थांबतात. दर महिन्याला जायचं, आणि मधल्या काळात पेशंट कसा आहे ते घरच्या माणसाने सेंटरला फोनवर कळवत राहायचं. गोळी धायरीत मिळत नाही. पेठेतला एकच दुकानदार ठेवतो, तो चिठ्ठीवर शिक्का मारतो आणि मी अफू मागितल्यासारखा माझ्याकडे बघतो.

मला ही नोकरी हवी आहे, आत्या. या घरात मी सून आहे, बायको आहे, वेंधळी आहे. खराडीला ऑफिसात पोचले की तिथल्या लोकांना माझं डोकं लागतं. ते गेलं तर काय करू? भीती वाटते, खरंच.

तुझी,
भाग्यश्री

ता. क. पत्र उद्याच टाकते. अर्शियाकडे देणार आहे, म्हणजे नक्की पडेल.


यवतमाळ
१५ मे २०२५

चि. भाग्यश्री,

अनेक आशीर्वाद. पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. दहापैकी साडेचार. लिफ्टचा, अफूचा आणि डॉक्टरच्या मोज्यांचा विषय एका पत्रात कशाला? कोथिंबीर फ्रिजच्या आत ठेवतात, वर नाही. यासाठी गुण कापलेले नाहीत, सांगून ठेवते एवढंच.

तुझ्या रोगाचं नाव दोनदा वाचलं. आमच्याकडे त्याला धांदरटपणा म्हणत आणि त्यावर औषध म्हणजे पट्टी. माझ्या वर्गात साठ पोट्टे होते, त्यातले निम्मे खिडकीबाहेर बघत. त्या मानाने अर्धं यवतमाळ गोळ्यांवर पाहिजे. इथे माणूस विसरला तर विसरला. तुमच्या पुण्यात विसरला की त्याला इंग्रजी नाव, वाहतं पाणी आणि बिनमोज्याचा डॉक्टर! नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, असलं ते सेंटर वाटतं मला.

तरी गोळी घे. मला पटत नाही, तरी घे. नोकरी मात्र सोडायची नाही. मी नवरा गेल्यावर कुणापुढे हात पसरला नाही तो शाळेच्या जोरावर. तुझी नोकरी गेली तर तुझ्या घरचे काही तुला उपाशी ठेवणार नाहीत, पण रोज वाढताना ऐकवतील. ते मला सोसवणार नाही.

यज्ञेश्वररावांचा फोन आला होता. किती काळजी करतो गं बिचारा! पत्रात त्याबद्दल दोन ओळी घातल्या असत्यास तर शाई संपली नसती.

तुझी आत्या,
कौशल्या


धायरी, पुणे
८ जून २०२५

ती. आत्या,

सा. न. वि. वि.

साडेचार! एवढे कमी तर मला दहावीच्या भूगोलातही नव्हते.

ऐक. अठराने काही झालं नाही, नुसती भूक गेली. मग छत्तीस झालं. छत्तीसबद्दल तुला काय सांगू! डोक्यात जन्मभर मंडई भरलेली होती, ती एका सकाळी उठली. मी कॉम्प्युटरसमोर बसले, एक काम हातात घेतलं आणि ते संपलं. मग दुसरं घेतलं. जेवायच्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन रडले. लोकांना हे इतकं सोपं जातं? रोज? आणि मला सगळे म्हणत होते, ‘जरा मन लावून कर’! लावायला मन जागेवर तर हवं! तुझी पट्टीही आठवली हं मला त्या वेळी, खोटं कशाला बोलू?

मंगळवारी एक चूक सापडली. गिऱ्हाइकाने बटण दोनदा दाबलं तर पैसे दोनदा कापले जात होते. पाच जणांच्या नजरेतून सुटलेली. सापडली, आणि नोंदवलीसुद्धा, चित्रांसकट. मॅनेजर माझ्या टेबलापाशी येऊन ‘गुड कॅच’ म्हणाले. अर्शियाने दुपारी मला समोसा खायला घातला, भूक नव्हती तरी खाल्ला.

आता घरचं. दर गुरुवारी आईंचं भजनी मंडळ आमच्याकडे असतं. गुरुवारी मी घरून काम करते, म्हणजे घरी असते, म्हणजे रिकामी असते, असा या घरचा हिशोब. चहा आणि पोहे माझ्याकडे. आजवर पोहे लागायचे, बायका हसायच्या, ‘आमची भाग्यश्री म्हणजे ना’ असं आई म्हणायच्या, आणि मीही हसायचे. या गुरुवारी माझ्या लक्षात आलं की पोहे लागतात कारण मी नेमकी त्याच वेळी मीटिंगमध्ये असते! इतकं साधं! मी आईंना म्हटलं, ‘गुरुवारी मला जमणार नाही. मंडळ आळीपाळीने सगळ्यांच्या घरी ठेवा.’ आवाज चढवला नाही, देवाशपथ. आई म्हणाल्या, ‘गोळ्यांनी वाचा फुटली वाटतं.’ यज्ञेश उठला. फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार लावलं.

मला काही वाईट वाटलं नाही. खरं सांगू, मजा वाटली.

तुझी,
भाग्यश्री


यवतमाळ
१९ जून २०२५

चि. भाग्यश्री,

अ. आ. दहापैकी साडेसहा. पत्र एका बैठकीत लिहिलेलं दिसतं, शेवटपर्यंत शाई एकच आहे. ‘गुड कॅच’ला मराठी शब्द आहे, शोध.

छत्तीसने गुण आला म्हणतेस तर बरं आहे. पट्टीचं बोललीस ते लागलं मला, पण खरं असेल तर असो. एक शंका. अठरा, मग छत्तीस. पुढे काय, चोपन्न, बहात्तर? तुझा तो डॉक्टर अठराचा पाढा म्हणतो आहे काय? माझ्या वर्गातले पोट्टे पाढा सुरू झाला की थांबत नसत, दहापर्यंत जाऊनच दम घेत. याला थांबायचं कुठे ते ठाऊक आहे ना? विचारून घे.

भजनी मंडळाचं मला तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. यज्ञेश्वररावांनी फोनवर सांगितलं. आवाज अगदी पडला होता त्याचा. बाई गं, सासूला तोंडावर ‘जमणार नाही’ म्हणायचं नसतं. पाय मुरगळला म्हणायचं, पाहुणे येणार म्हणायचं. आम्ही काय कमी खोटं बोललो? संसार असाच ओढला. तू एकदम उचलली जीभ लावली टाळ्याला! जरा आवर.

जेवत जा. तुझ्या बापाचं खाणं गावात नावाजलेलं होतं आणि तू पाखरागत चार दाणे टिपणार.

तुझी आत्या,
कौशल्या


धायरी, पुणे
२० जुलै २०२५

ती. आत्या,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सूचना लक्षात ठेवल्या आहेत.

डोस आता चोपन्न केला आहे. मी विचार न करता बोलते, असं यज्ञेशने सेंटरला कळवलं होतं. डॉक्टर म्हणाले, तेही या आजाराचंच लक्षण आहे, म्हणजे आजार अजून पुरता आटोक्यात नाही. मला वाटलं होतं की छत्तीस पुरेसं आहे. तसं मी म्हणालेही, पण तेव्हा ते यज्ञेशशी बोलत होते. त्यांना जास्त कळतं.

ऑफिसचं काम चालू आहे. अर्शिया म्हणते, तू चहाला येत नाहीस. मला उठावंसं वाटत नाही. सकाळी एका स्क्रीनसमोर बसले की दुपारपर्यंत तीच तपासते.

भजनी मंडळ नियमित होतं. पोहे लागत नाहीत. आई समाधानी आहेत.

काल गाडीच्या चावीवरून थोडं झालं. माझं लक्ष नसतं म्हणून यज्ञेश मला गाडी देत नाही. आता लक्ष असतं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, बघू. ते जाऊ दे.

भूक लागत नाही. बाकी ठीक.

तुझी,
भाग्यश्री


यवतमाळ
३० जुलै २०२५

चि. भाग्यश्री,

अनेक आशीर्वाद. दहापैकी नऊ! चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षर एका रेषेत, मुद्दा एकामागून एक, फाटे नाहीत, कंस नाहीत, ता. क. नाही. माझ्या हाताखालून इतकी मुलं गेली, पण तुझं पत्र असं येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी त्या गोळीला आणि डॉक्टरला नावं ठेवली होती, ती परत घेते. मोजे नसेनात का बिचाऱ्याला.

यज्ञेश्वररावांना फोनवर म्हटलं, पोरीचं पत्र वाचून डोळे निवले. तोही खूश झाला. म्हणाला, ‘आत्या, तुम्हालाही फरक जाणवला हे मी डॉक्टरांना कळवतो, त्यांना डोस ठरवायला उपयोग होतो.’ कळव म्हटलं. कधी नव्हे ते आपलं मत कुणाच्या उपयोगी पडतंय.

एक गुण राखून ठेवला आहे. त्या चावीचं पुढे काय झालं ते लिहायला हवं होतं. गोष्ट सुरू केली की संपवावी.

तुझी आत्या,
कौशल्या


धायरी, पुणे
३१ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोचले. नऊ गुणांबद्दल आभारी आहे.

आज आमच्याकडे गौरी आल्या. सजावट आईंनी केली. फराळाचे पदार्थ मी केले. सर्व वेळेवर झाले.

डोस बहात्तर आहे. यज्ञेश व आई समाधानी आहेत. ऑफिसमध्ये एक चूक माझ्याकडून सुटली. मॅनेजरनी दिवाळीची आठवण करून दिली. प्रयत्न करीत आहे.

गाडीच्या चावीचा प्रश्न मिटला. मी गाडी चालवत नाही.

प्रकृतीस जप.

तुझी,
भाग्यश्री


यवतमाळ
९ सप्टेंबर २०२५

भाग्यश्री,

तुझं पत्र तपासलं. एक चूक नाही. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, समास, सगळं जागच्या जागी. शेवटी लाल पेनाने दहा लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं. मग तेच पाकीट फाडलं आणि पत्र पुन्हा वाचलं. मला रडू आलं, बाई. असली पत्रं मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायची. ‘मामास पत्र लिहा.’ पोरं उतरवून घेत. त्यातल्या मामाला कधी कुणी ओळखत नसे.

गौरी आल्या आणि तुला लिहायला एवढंच सापडलं? दोन वर्षांमागे तू धाकट्या गौरीचं तोंड भिंतीकडे करून बसवलं होतंस आणि त्यावर मला चार पानं लिहिली होतीस. तीन गुण दिले होते मी त्या पत्राला. माझ्या अकलेला काय म्हणावं! चुका मोजायच्या सवयीपायी पत्रातून माणूस निघून गेलं तरी मी नऊ गुण देऊन मोकळी.

आता नीट ऐक, आणि बहात्तरच्या खालून कानात काही शिरत असेल तर शिरू दे. तुझा नवरा मला फोन करत होता, आणि काय बोलायचा ते मी तुला लिहिलं नाही, उगाच घरात तेढ नको म्हणून. जूनमध्ये फोन आला. ‘आईला उलट बोलली, मी सेंटरला कळवलंय, आता बघतील ते.’ तुझे चोपन्न झाले. जुलैअखेर फोन आला. ‘चावीवरून वाद घालते, माझं ऐकत नाही, कळवलंय मी.’ वर माझी शाबासकी घेऊन गेला. तुझे बहात्तर झाले. मी फोन ठेवून ‘किती काळजी करतो’ म्हणत होते. कसली काळजी! पोट्टा दोनदा भांडणात हरला आणि दोन्ही वेळा डॉक्टरांना आवाज देऊन आला, मास्तरकडे तक्रार न्यावी तसा. असली पोरं शाळेत मी बाकावर उभी करायची.

आणि तुझा तो बाणेरचा धन्वंतरी! रोगी समोर बसलेला, त्याला तोंड आहे, त्या तोंडात जीभ आहे, आणि हा विचारतो त्याच्या नवऱ्याला. बायको उलट बोलली की म्हणे लक्षण! मग आमच्या यवतमाळात एकही बाई धडधाकट नाही म्हणायची. ज्याला रोग्यापेक्षा रोग्याच्या नवऱ्याचं ऐकू येतं, त्याने नवऱ्यालाच गोळी द्यावी. त्याला तरी फरक पडला असता.

तू छत्तीसवर माणसात होतीस. काम करत होतीस, समोसा खात होतीस, मला टोमणे मारत होतीस. तेव्हा गोळी फेकू नकोस, त्या मूर्खपणात पडू नकोस. गोळीचा काही दोष नाही. पाढा म्हणणाऱ्याला थांबव. एकटी जा. यज्ञेश्वररावांना सांगून जाऊ नकोस, माझ्या नावावर खोटं बोल पाहिजे तर. दिवाळी जवळ आली आहे. नोकरी त्या दोघांच्या समाधानाच्या भावात जाऊ देणार आहेस काय?

पत्र तपासून परत पाठवत नाही. चुलीत घातलं.

आत्या


धायरी, पुणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,

सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, पण या वेळी कोथिंबिरीमुळे नाही. तुझं पत्र मी वाचलं तेव्हा मला राग आला नाही. काहीच आलं नाही. बहात्तरवर रागही येत नाही गं, कुणी कुणाला शिव्या देतंय एवढं कळतं. मग मी घाबरले, तेही थोडं उशिराने. यज्ञेशने काय केलं ते समोर लिहिलेलं होतं आणि मी बसून त्यातले महिने बरोबर आहेत का ते तपासत होते.

पत्र अर्शियाला वाचून दाखवलं. ती तुला ‘खालाजान’ म्हणते आता, म्हणजे मावशी. तिनेच स्कूटरवरून बाणेरला नेलं. रिसेप्शनची मुलगी म्हणाली, ‘मॅम, अटेंडंट?’ मी म्हटलं, ‘अटेंडंट कशाला? मी चालत आलेय.’ ती म्हणाली, पॉलिसी आहे. अर्शिया तिथेच ठाण मांडून बसली आणि म्हणाली, पॉलिसी लेखी दाखव. कुणाकडे लेखी नव्हती. शेवटी आत सोडलं.

डॉक्टरांनी कॉम्प्युटर उघडला आणि तोंडभर हसले. ‘फॅमिली फीडबॅक तर एक्सलंट आहे तुमचा. हजबंड खूश, सासूबाई खूश, गावाकडच्या काकूसुद्धा...’

‘आत्या,’ मी म्हटलं.

‘हो, आत्या. सगळे किती समाधानी आहेत.’

‘मग डोस त्यांना द्या,’ मी म्हटलं. ‘मी समाधानी नाही. मला जेवण जात नाही, कामात एकाच जागी रुतते, छाती धडधडते, आणि परवा आमच्या मजल्यावरच्या नागोराव आजोबा वारले तर मला रडू आलं नाही. ते मला रोज जिन्यात गोष्टी सांगायचे. छत्तीसवर मी बरी होते. तसं इथे या खुर्चीत बसून सांगितलं होतं. तुम्ही यज्ञेशकडे बघत होतात.’

आत्या, तो माणूस लाल झाला. मग त्याने माझा हात पुढे घेतला आणि नाडी मोजली. मेपासून पहिल्यांदा! मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजली. म्हणाला, कमी करू या, टप्प्याटप्प्याने छत्तीसपर्यंत, आणि दर आठवड्याला रक्तदाब बघायचा. मी आणखी एक मागितलं. यापुढे माझ्या परवानगीशिवाय माझ्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही आणि कुणाचं ऐकायचं नाही. तो म्हणाला, ‘तुमचा हक्कच आहे तो.’ म्हटलं, हक्क होता तर इतके महिने कुठे पेंड खात होता? त्यावर त्याने कागद पुढे केला आणि माझ्याकडून तसं लेखी घेतलं.

नोकरी आहे. जानेवारीपर्यंत आहे, पुढे बघू म्हणालेत. वसुबारसेला मीटिंग झाली. मॅनेजरनी विचारलं, जूनमध्ये इतकं चांगलं काम आणि सप्टेंबरमध्ये असं का? मी सरळ सांगितलं, औषधाचा डोस चुकला होता, आता बरोबर आहे. वाटलं होतं आता घरी जायला सांगतील. तर ते त्यांच्या आईच्या बीपीच्या गोळ्यांचं सांगत बसले. बाहेर आल्यावर अर्शियाने पाण्याची बाटली पुढे केली.

घरी मात्र वाचा फुटली आणि पंचाईत झाली. आई म्हणतात, ‘सणासुदीला चांगली होती, कुणाची दृष्ट लागली कोण जाणे.’ यज्ञेशला मी काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं बहात्तरच चालू आहे आणि तरी मी पूर्ववत होतेय. रोज माझ्याकडे असा बघायचा, दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभं राहून बघावं तसा.

काल जेवताना मी म्हटलं, येत्या बुधवारी मी यवतमाळला जातेय, चार दिवस, एकटी, आत्याला भेटायला. आई म्हणाल्या, गुरुवारपर्यंत परत येशील ना? मी म्हटलं, नाही. यज्ञेशने चमचा ठेवला, फोन उचलला आणि तिथेच, आमच्या देखत, सेंटरला लावला. मी म्हटलं, स्पीकरवर ठेव, मलाही ऐकू दे. त्याने ठेवला. त्याला खात्री होती.

‘भाग्यश्रीचा हजबंड बोलतोय. परत सुरू झालंय तिचं.’

मुलगी म्हणाली, ‘सॉरी सर. पेशंटनी लेखी दिलंय. त्यांच्या परमिशनशिवाय आम्ही बोलू शकत नाही.’

‘अहो, मी फॅमिली आहे.’

‘हो सर. सॉरी सर.’ आणि तिने फोन ठेवला.

तो फोन हातात घेऊन बसला. वरणावर साय धरली. आत्या, मला त्याची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम, आणि दोन्ही येतायत म्हणून इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, ‘त्यांना काय सांगणार होतास? मला सांग. मी इथेच बसलेय.’

त्याने आईंकडे बघितलं. आईंनी ताटाकडे बघितलं. मग तो म्हणाला, ‘तू उलट बोलतेस.’

‘हो, बोलते,’ मी म्हटलं. ‘पुढे?’

त्याने सायीसकट वरण भातावर ओतून घेतलं. मी वाट बघितली, खरंच बघितली, सगळे जेवून उठेपर्यंत. एवढ्या एका वाक्यासाठी मी बहात्तर मिलिग्रॅम गिळत होते.

तुझी,
भाग्यश्री